तीन फळ्यांवरचे १२०

मागच्या गुरुवारी जिममधल्या एका पोरानं बेंच प्रेसला, म्हणजे बेंचवर उताणं झोपून बार छातीकडे आणून वर ढकलायचा त्या व्यायामाला, १२० किलो मारले तेव्हा त्याच्या छातीवरच्या लाकडी फळ्या मी धरल्या होत्या. आमच्या जिममध्ये ज्याचा सेट चालू नाही त्यानं फळी धरायची अशी पद्धत आहे, मग तो नवा असो की जुना. मी बेंचच्या बाजूला गुडघ्यात वाकून उभी, फळ्यांची मूठ हातात, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि टिळक रोडच्या आतल्या गल्लीतलं पाणी बेसमेंटच्या पायऱ्यांवरून एकेक पायरी उतरत आत यायला लागलं होतं, कुणीतरी दारात पोतं टाकलं होतं, त्या ओल्या पोत्याचा, चॉकचा आणि लोखंडाचा मिळून एकच वास. सरांनी बार काढून दिला. पोरानं श्वास भरून घेतला, बार खाली आला, फळीवर टेकला, टक्. क्षणभर तिथंच थांबला. मग त्याच्या घशातून काहीतरी आवाज आला आणि बार वर निघाला, मध्ये जरा डावीकडे कलला पण गेला, कोपर लॉक झाले आणि सगळे एकदम ओरडले. मीपण ओरडले.

तो उठला, तोंड लालबुंद, आणि पहिलं काम काय तर घरी फोन. आई बार्शीला. स्पीकरवरच होता. "आई, एकशेवीस मारले आज!" पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि मग आवाज आला, "शाब्बास रे माझ्या राजा, जेवलास का पण?" तो हसला, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, आता जिल्ह्याला ओपनर एकशेदहा टाकतो. एकशेवीस जातायत म्हटल्यावर एकशेदहा आरामात." ओपनर म्हणजे स्पर्धेत पहिल्या संधीला सांगायचं वजन. अडीच आठवड्यांवर जिल्हा स्पर्धा आलीये त्याची. आयुष्यातली पहिली. एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मेसचं जेवून त्यावर रोज सहा अंडी उकडून खातो. माझ्या हातात त्या तीन फळ्या तशाच होत्या, एकावर एक ठोकलेल्या, साडेचार इंच जाड. मी म्हणाले, "भारी."

त्या 'भारी'नं मला रात्री झोपू दिलं नाही.

बेंच मारणाऱ्यांच्या टीशर्टवर छातीच्या जरा खाली एक आडवी रेघ असते. पॉवर बारला मधोमध खरखरीत नक्षी असते, ती छातीला टेकते आणि घाम, चॉक, थोडा गंज असं सगळं मिळून एक करडी रेघ उमटते, धुतली तरी फिकट राहतेच. माझ्या दोन टीशर्टांवर आहे. गुरुवारी त्याच्या टीशर्टवर रेघ नव्हती. असणार कशी, बार छातीपर्यंत आलाच नव्हता. छातीला टेकवून, नीट थांबवून त्यानं आजवर सगळ्यात जास्त काढलेत ते १०२.५. हे त्याला माहितीये, मला माहितीये, सरांच्या वहीत लिहिलेलं आहे. पण बेंचवरून उठून फोनपर्यंत जाता जाता 'तीन फळ्यांवर' हे दोन शब्द कुठेतरी गळून पडले आणि उरले नुसते १२०, आणि ते गळताना बघणारी तिथे मी एकटीच इतकी जवळ होते. बाकीचे ओरडत होते. सर दुसऱ्या रॅककडे गेले होते. फळ्या माझ्या हातात होत्या.

ज्यांना स्पर्धेचं माहिती आहे त्यांना यातला धोका लगेच कळेल. तीन संधी मिळतात. पहिलीला जे वजन सांगितलं ते फसलं तर पुढच्या वेळी तेच परत उचलायचं किंवा वाढवायचं, कमी करता येत नाही. म्हणजे ११० सांगितले आणि ते गेले नाहीत तर तो पोरगा तिन्ही वेळा ११० च्याच खाली झोपणार आणि तिन्ही फसले तर निकालपत्रात त्याच्या नावापुढे काहीच नाही. पहिल्याच स्पर्धेत. बार्शीहून आईवडील येणार आहेत बघायला, ते त्यानं आधीच सांगितलंय.

पण आधी फळ्यांबद्दल सांगते, कारण छातीवर फळ्या ठेवून मारायचं, म्हणजे बोर्ड प्रेस, ही चीटिंग आहे असं म्हणणारे लोक मला भेटतात आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. आमच्या फळ्या मी स्वतः जाऊन आणल्यात. शंकरशेठ रोडवरून आत भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे तिथून, दोन वर्षांपूर्वी, स्कूटरवर पायाशी ठेवून. टिंबर मार्केटला मी त्याआधी कधी गेलेच नव्हते. दुकानांच्या तोंडाशी उभे करून ठेवलेले वासे, आत करवतीचा तो दातात शिरणारा आवाज, आणि वास, सागवानाचा तेलकट चामड्यासारखा वेगळा, पाइनचा चिकाचा वेगळा, भुश्शात पाऊल टाकलं की चप्पल रुतते. सागवान परवडणार नव्हतं आणि गरजही नव्हती, पाइन मऊ असतं, बारची नक्षी त्यात जरा रुतते आणि बार घसरत नाही. मी कागदावर 'दोन बाय चार' लिहून नेलं होतं कारण सगळीकडे व्हिडिओत तसंच म्हणतात. दुकानातल्या काकांनी मला बरोब्बर दोन इंच जाडीच्या फळ्या कापून दिल्या. माझ्या कागदावर होतं तेच दिलं, त्यांचं काही चुकलं नाही.

मग दोन आठवडे आमच्या जिममध्ये सगळ्यांचे आकडे वाढले. एकाचे पाच किलो, एकाचे साडेसात. माझेपण अडीच. सगळे खूश. सरांना काहीतरी खटकत होतं, त्यांनी टेप लावली. अमेरिकेत दोन बाय चार म्हणून जे लाकूड मिळतं ते रंधून झाल्यावर दीड बाय साडेतीनच उरतं, नाव फक्त जुनं राहिलंय. बोर्ड प्रेसची एक फळी म्हणजे दीड इंच, ३८ मिलिमीटर. आमची तीन फळ्यांची थप्पी साडेचारच्या जागी सहा इंचांची झाली होती. मी परत गेले, काकांनी रंधा मशीनवर एकेक फळी उतरवून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं की एवढं बारीक माप कशाला लागतं. मी छातीवर हात आडवा धरून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे अर्ध्या इंचावर तुमचं सगळं आहे." खरंच होतं ते. जिममध्ये परत आलो तर सगळ्यांचे आकडे होते तिथं खाली आले, आणि त्या संध्याकाळी कोणी कोणाशी फारसं बोललं नाही हे मला आठवतंय.

हा बोर्ड प्रेसचा प्रकार जगभर पोचला तो ओहायोमधल्या कोलंबस शहरातल्या वेस्टसाइड बारबेलमुळे, लुई सिमन्स यांच्या जिममुळे. सिमन्स २०२२ मध्ये गेले. त्यांच्या पोरांना फळ्या का लागायच्या हे समजून घेतलं की अर्धा घोळ मिटतो. ती मंडळी बेंच शर्ट घालून उचलायची, तो जाड घट्ट शर्ट, ज्यात बार खाली आला की कापड ताणलं जातं आणि छातीपासून वर ढकलायला मदत करतं. मग अडचण येते वर, जिथे शर्ट मदत करायचा थांबतो आणि सगळं वजन एकदम दंडाच्या मागच्या स्नायूवर, ट्रायसेप्सवर येतं. तो वरचा भाग मजबूत करायचा तर खालचा भाग काढून टाका, छातीवर फळ्या ठेवा आणि फक्त वरचा भाग मारा, भरपूर वजनानं. साधं आहे. पण आम्ही शर्ट घालत नाही. शर्टाशिवाय मारणारे बहुतेक जण अडकतात ते छातीपासून थोडं वर आलं की, अगदी वर नाही. म्हणून सर कोणालाही फळी देण्याआधी विचारतात, "तू अडकतोस कुठे?" वर अडकत असेल तर तीन, मध्ये अडकत असेल तर एक किंवा दोन, आणि छातीवरूनच बार सुटत नसेल तर फळी मिळत नाही, खाली थांबायला शिक म्हणतात. शिवाय हात प्रत्येकाचे वेगळे. मी एकदा टेपनं मोजलं होतं, पाठीची कमान धरून झोपले की माझा बार छातीपासून लॉकआऊटपर्यंत, म्हणजे कोपर सरळ होईपर्यंत, २७ सेंटिमीटर जातो. तीन फळ्यांनी त्यातले साडेअकरा गेले. त्या पोराचे हात लांब, त्याला तीन फळ्यांवरही माझ्या पूर्ण हालचालीइतकं अंतर उरतं. एकच थप्पी, पण दोघांना दोन वेगळे व्यायाम.

आणि फळीचा खरा फायदा स्नायूपेक्षाही मला हाताचा वाटतो. जे वजन तुम्ही कधी धरलंच नाहीये ते रॅकमधून बाहेर काढून सरळ हातांवर पेलून धरणं हीच एक वेगळी गोष्ट आहे. मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्याच्या मागे ते वजन उतरतं, बेंच पाठीखाली कडक लागायला लागतो, आणि डोक्यात एक आवाज सुरू होतो की हे आपलं नाही, परत ठेव. फळी असली की तो आवाज जरा कमी होतो. बार कुठे थांबणार आहे हे आधीच ठरलेलं असतं. दोनचार आठवडे ते वजन हातात येत राहिलं की हात ओळखायला लागतो, आणि मग स्पर्धेत त्याच्याहून कमी वजन हातात आलं की घाबरायला होत नाही. हे मी माझ्या अंगावर बघितलंय, याला कोणी चीटिंग म्हणू नये.

धरणाऱ्याचंही काम असतं. फळी दाबायची नाही, नुसती स्थिर ठेवायची. बार टेकला की मारणाऱ्यानं अंग सैल सोडायचं नाही, पाठ तशीच आवळलेली, वजन मात्र लाकडावर बसू द्यायचं, आपटून उसळी घ्यायची नाही. उसळी घेतली तर ती धरणाऱ्याच्या हाताला सगळ्यात आधी कळते, फळी थरथरते. बार टेकल्यावर छाती फुगलेली राहिली का खचली, तेही हाताला कळतं. सर लांबून बघतात, मोबाईलचा कॅमेरा बाजूनं बघतो, पण फळीतून काय आलं ते फक्त धरणाऱ्याला माहिती असतं. गुरुवारी उसळी नव्हती. त्यानं अगदी स्वच्छ थांबून मारले. ते १२० खरे होते. माझं कोडं तिथंच होतं की ते खोटे असते तर मी लगेच बोलले असते.

माझा स्वतःचा खांदा फळ्या आणल्यावर थोड्याच दिवसांत गेला होता. उजवा. स्नायूबंधाला सूज, डॉक्टर म्हणाले बार छातीपर्यंत आणू नका काही महिने. सरांनी त्यावर दोन फळ्या ठेवल्या. त्या उंचीपर्यंत खांदा दुखत नव्हता, त्याच्याखाली दुखत होता. ठरलं असं होतं की दुखणं नसेल तर काही आठवड्यांनी एक फळी काढायची, मग तीपण काढायची. दुखणं थांबलं दोन महिन्यांत. मी फळ्या काढल्या नाहीत. चार महिने मी दोन फळ्यांवरच मारत राहिले आणि आकडा वाढत राहिला, ५०, ५५, ६०, ६२.५, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, खांद्याचं आहे ना, जपायला लागतं. खांद्याचं काही नव्हतं. खालची ती तीन इंचं, जिथं बार छातीजवळ येतो आणि खांदा ताणला जातो, तिथं जायची मला भीती वाटत होती. ज्या दिवशी सरांनी फळी न देता नुसता बार काढून दिला त्या दिवशी ४५ वर मी अडकले आणि उठून बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर वर्षभर लागलं मला छातीवरून ५७.५ काढायला. हे सगळं मी त्या पोराला कधी सांगितलेलं नव्हतं, कारण तो आला तेव्हा मी 'स्ट्राँग ताई' होते आणि ते मला आवडत होतं.

रात्री पडल्या पडल्या आजोबा आठवले. शुक्रवार पेठेतल्या तालमीत जायचे ते तरुणपणी. आम्हाला आत जायला मिळायचं नाही, मुलींनी तालमीत जायचं नसतं एवढंच सांगायचे, पण दारातून डोकावलं की लाल माती दिसायची, तेल, हळद, ताक घालून मळलेली, आणि तो आंबूस गार वास. आजोबा सांगायचे की जोर मारताना छाती मातीला घासून पुढे गेली पाहिजे, आणि पोरं शंभर झाले दोनशे झाले असं काही सांगायला लागली की वस्ताद तोंडाकडे बघायचेच नाहीत, छातीकडे बघायचे. छाती लाल असली तर मोजायचे. मला लहानपणी वाटायचं वस्ताद फार कडक असणार. आता वाटतं ज्यानं उभं राहून बघायचं त्याला ते बघावंच लागतं, नाहीतर त्याचं तिथं काय काम. अर्थात खाली म्हणजे किती खाली हा वाद आमच्याकडेही आहेच, बेंचवर पाठीची मोठी कमान करून बार दोन बोटं हलवणारे लोक इतके झाले की आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनला २०२३ पासून नियम आणावा लागला की कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या बाजूच्या बरोबरीला किंवा त्याहून खाली यायला पाहिजे. पण त्या पोराचं तसं नव्हतं. त्याला खाली जायचं माहितीये, तो जातोही. आनंदात एक गोष्ट सांगायची राहून गेली, बस.

खरी आठवण मात्र आईची आली, पहाटे, पाऊस थांबल्यावर.

२०११ मध्ये आईचा डावा खांदा आखडला होता. फ्रोझन शोल्डर. तिला शुगर आहे, शुगरवाल्यांना जास्त होतं म्हणे हे, आणि बरं व्हायला वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त जातात. तिला वेणी घालता येईना, पदर खांद्यावर टाकता येईना, ब्लाऊजची बाही घालताना ओठ आवळून उभी राहायची. फिजिओथेरपिस्टनी दोन व्यायाम दिले होते. एक, ओट्याला एका हातानं धरून वाकायचं आणि दुखऱ्या हातात वजन घेऊन लोलकासारखं झुलवायचं. आईनं वजन म्हणून पाण्यानं भरलेला तांब्या घेतला होता, आणि फरशीवर थेंब पडले की म्हणायची, आज हात नीट हलत नाहीये. दुसरा, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. एकेक बोट, किडा चढतो तसं, जिथं हात थांबेल तिथं पेन्सिलनं खूण आणि तारीख. आमच्या नारायण पेठेतल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी चुना लावलेली भिंत होती, तिच्यावर या खुणा. पहिली तिच्या हनुवटीच्या खाली होती. महिनाभर एकाच जागी दहाबारा खुणा, एकमेकींवर चढलेल्या. खूण करायचं काम माझं, ऑफिसला निघताना, खांद्याला पर्स, हातात पेन्सिल.

एके दिवशी खूण एकदम चार बोटं वर गेली. मी केवढी ओरडले असेन. आईपण हसली. मी तारीख घातली, गोल केला त्याभोवती, बाबांना बोलावलं. संध्याकाळी घरी आले तर ती खूण नव्हती. तिथं ओल्या फडक्याचा डाग होता आणि चुना थोडा निघाला होता. मी विचारलं, तर आई गवार मोडत बसली होती ती मान वर न करता म्हणाली, "टाचा उचलल्या होत्या मी. ती खूण धरू नकोस." मी म्हटलं, अगं एवढं काय त्यात. ती म्हणाली, "उद्या त्याच्यापुढे जायचं असतं ना मला. न झालेल्याच्या पुढे कशी जाऊ?"

मी तेव्हा तिच्या टाचांकडे बघितलंच नव्हतं. हाताकडे बघत होते.

ते घर आता नाही, रिडेव्हलपमेंटला गेलं, भिंतही गेली. आई माझ्याकडेच असते, चौऱ्याहत्तरची आहे, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा स्वतः काढते. शुक्रवारी सकाळी चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं, ओपनर म्हणजे काय, फळ्या म्हणजे काय. तिला बेंच प्रेस ही काय भानगड आहे ते कधीच फारसं कळलेलं नाही, बाई माणसानं छातीवर लोखंड घ्यायचं म्हणजे तिच्या पोटात अजून गोळा येतो. पण तिनं बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "फळ्या तू धरल्या होत्यास?" मी हो म्हटलं. "मग तो दुसऱ्या कुणाकडून कशाला ऐकेल?"

शनिवारी मी लवकर गेले. तो आधीच येऊन खांदे मोकळे करत होता, रबराची पट्टी दाराच्या कडीला अडकवून. काय बोलायचं ते मी स्कूटरवर घोकलं होतं, पण बोलले भलतंच. आधी माझ्या खांद्याचं सांगितलं. चार महिने, ६२.५, आणि मग ४५ वर अडकले ते, बाथरूमचंपण. तो पट्टी ओढायची थांबला. मग म्हणाले, तुझे १२० खरे आहेत, मी हातानं बघितलेत, पण ते तीन फळ्यांवरचे आहेत, वहीत तसंच लिही, आणि ओपनर ११० टाकू नकोस. जे वजन झोपेतून उठवलं तरी थांबवून निघेल ते टाक. ९५ टाक. तो काहीच बोलला नाही कितीतरी वेळ. चेहरा उतरला होता, आणि मला वाटलं की मी गुरुवारचा त्याचा आनंद घेऊन टाकला, त्याच्या वयाला असा एक आकडा मनात असला की माणूस किती दिवस त्याच्या जोरावर कॉलेजला जातो, मेसचं जेवतो, मला काय गरज होती. मग तो म्हणाला, "ताई, पण मी आईला सांगितलंय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यात सर आले, त्यांना सगळं कळलं की नाही माहीत नाही, त्यांनी बोर्डवर लिहिलं, आज फळी नाही, स्पर्धेसारखं मारायचं, आणि मला म्हणाले की कमांड तू दे. स्पर्धेत असंच असतं, बार छातीवर टेकून पूर्ण स्थिर झाला की पंच 'प्रेस' म्हणतो, त्याआधी ढकललं की लिफ्ट बाद. ८० झाले, ९० झाले, ९५. मग १००. मी त्याच्या डोक्याशी जरा बाजूला उभी होते आणि हातात काही नव्हतं, दोन वर्षांत या बेंचपाशी इतका वेळ मोकळ्या हातानं कधी उभी राहिले नव्हते, कुठे ठेवावेत कळेना. फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यानं पाय रोवले, टाचा जमिनीला टेकलेल्या, हे मी यावेळी बघितलं. बार खाली आला, सावकाश, साडेचार इंचांची ती जागा ओलांडली, आणखी खाली आला, टीशर्टवर टेकला. हलत होता अजून, केसभर. मी थांबले. तो खालून माझ्याकडे बघत होता, मानेची शीर फुगलेली, आणि मी थांबले. मग बार थांबला.

"प्रेस!"

गेला. मध्ये अडकला, जिथं तो नेहमी अडकतो तिथंच, आणि गेला. उठून बसला तेव्हा पांढऱ्या टीशर्टवर आडवी करडी रेघ होती, एका बाजूला जरा वर चढलेली. कोणी ओरडलं नाही फारसं, १०० त्यानं आधीपण मारलेत. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, वही काढली, काहीतरी लिहिलं आणि मागचं एक पान उलटून तिथंही काहीतरी लिहिलं. मग फोन लावला, यावेळी स्पीकरवर नव्हता. "हां आई, शंभर." पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आला, कारण तो म्हणाला, "नाही गं, कमी नाही झाले. ते वेगळे होते, थांब सांगतो." आणि तो बोलत बोलत ओल्या पायऱ्या चढून वर गेला, रेंज नसते आमच्याकडे खाली नीट. मी माझा बार लोड करायला गेले तर वरच्या उजेडात तो दिसत होता, फोन खांद्यानं कानाला दाबलेला, आणि दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरून तो आईला दाखवत होता, बार्शीला, साधारण साडेचार इंच.